वर आल्याचा फोन

या सदरातले अनुभव मी वाचतो ते खोड्या काढायला, हे आधीच कबूल करतो. कोणाला रिकाम्या खोलीत पैंजण ऐकू आले की खाली माझी कमेंट ठरलेली – 'उंदीर असेल, पिंजरा लावा.' दोन-चार जणांनी मला ब्लॉकही केलंय. भूतखेत, भगत, उतारा... यातलं काही मला कधी पटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. तरी लिहितोय, कारण हे घरात बोलायची सोय राहिलेली नाही. का, ते पुढे येईलच.

मी नवापूरचा. तारापूरजवळ, अगदी किनाऱ्यावर आमचं मच्छीमारांचं गाव आहे. वडील बोटीवर होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. मी मात्र डिप्लोमा करून समुद्राकडे पाठ फिरवली आणि थेट जमिनीखाली गेलो. मुंबईत भुयारी मेट्रोत मोबाईलची रेंज पोहोचवायचं काम करणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे मी नोकरीला आहे. सोमवार ते शनिवार तिथल्याच खोलीवर राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी गावी.

जमिनीखाली रेंज आपोआप येत नाही. बोगद्याच्या भिंतीने एक जाड काळी केबल जाते, तिच्यातून सिग्नल थोडा थोडा बाहेर झिरपत राहतो, म्हणून तुम्हाला गाडीत बसून रील बघता येतं. ती केबल ओढायची, जोडायची आणि मग मीटर घेऊन पायी चालत तपासायचं, हे आमचं काम. जोपर्यंत ती चालू नाही, तोपर्यंत खाली तुमचा दीड लाखाचा फोन म्हणजे नुसता आरसा.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो. बोट परतताना किनाऱ्याच्या रेंजमध्ये आली की बोटीवरचा माणूस घरी फोन लावतो. "रेंजमदी आलो," एवढंच बोलायचं आणि ठेवायचा. मग बाई टोपली घेऊन बंदरावर निघते. तो फोन येईपर्यंत बऱ्याच घरांत बाया जेवत नाहीत. कोणी नियम केलेला नाही, पण आमची आय तो पाळायची. आईला आम्ही आयच म्हणतो. बाबा गेल्यावर तिने तोच नियम मला लावला. उतरताना 'खाली चाललो' आणि सुटल्यावर 'वर आलो', असे रोजचे दोन फोन. माझ्याबरोबरचा बिहारी पोरगा हसायचा, "मम्मी को रिपोर्ट दे दिया?"

मला लाज वाटायची. एकदा चिडून म्हटलंसुद्धा, की आय, ही बोट नाही, बुडत नाही, तू वेळेवर जेवत जा, तुला शुगर आहे. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुला काय बोलायचं ते बोल. तू वर आल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत नाय." पुढे मी वाद घातला नाही. फोन करायचो, पण कपाळाला आठ्या घालून.

घरी आय एकटीच. धाकटी बहीण रंजू बोईसरला. एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या साताऱ्याच्या मुलाशी तिने आयच्या मनाविरुद्ध लग्न केलं. दोन वर्षं झाली, आय तिच्याशी कामापुरतं बोलायची. रंजू दर आठवड्याला डबा घेऊन यायची, आय डबा ठेवून घ्यायची आणि तोंड फिरवून सुके बोंबील निवडत बसायची. दोघीही हट्टी... मधल्या मधे माझं सँडविच.

त्या बुधवारी मी संध्याकाळी वर आलो तेव्हा फोनची बॅटरी संपली होती. खोलीवर गेलो, चार्जिंगला लावला आणि अंघोळ करून पडलो तो थेट सकाळीच उठलो. फोन चालू केला तर आयच्या मिस्ड कॉलचे तीन मेसेज. बघितले. मुकादम रस्त्यावरून हाका मारत होता. म्हटलं, वर आलो की करू. आणि 'खाली चाललो'चा फोनही न करता उतरलो.

त्या टप्प्यावर अजून गाड्या चालू झालेल्या नाहीत. गुरुवारी आम्हाला केबलचा एक खराब तुकडा काढून नवीन जोडायचा होता. केबल मी स्वतःच्या हाताने कापली. म्हणजे त्या दिवशी तिथे रेंज नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती. माझा फोन बॅगेत, बॅग माझ्या पायाशी. जेवणसुद्धा खालीच झालं. साडेपाचला वर आलो तेव्हा हातात फोन थरथरायलाच लागला. रंजूचे कॉल, शेजारच्या जमनाकाकूंचे कॉल, मोजले नाहीत. मी आयचा नंबर लावला. उचलला रंजूने.

"दादा, कुठवर आलास?"

मी म्हटलं, कुठवर म्हणजे काय, मी आत्ताच वर आलोय, आयचा फोन तुझ्याकडे कसा? मागे कोणीतरी रडत होतं.

"आय गेली रे," ती म्हणाली. "चार वाजता. तू निघालो म्हणून सांगितलंस ना तिला दुपारी..."

घरी पोहोचेपर्यंतचं मला फारसं आठवत नाही. नंतर तुकड्या-तुकड्याने जे कळलं ते असं. सकाळी जमनाकाकू पाणी भरायला हाक मारायला आल्या तर आय ओट्यापाशी बसलेली, घामाने भिजलेली. चुलीशेजारी भाताचं पातेलं रात्रीचं तसंच झाकलेलं होतं. ती जेवली नव्हती. काकूंनी रिक्षा केली, बोईसरच्या एका दवाखान्यात नेलं, रंजूला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, एका रात्रीच्या उपासाने असं होत नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी तेच सांगितलं. पण ते झाकलेलं पातेलं मला आजही डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

दवाखान्यातही ती काही खाईना. "त्याचा फोन नाय आला," एवढंच म्हणत होती. रंजू मला लावत होती, मी लागत नव्हतो. आणि दुपारी पावणेदोनला आयचा फोन वाजला.

तिचा तो बटणांचा फोन, आवाज असा मोठा की पलीकडचं शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू जावं. रंजू अगदी बाजूला होती. तिने स्पष्ट ऐकलं – "आय, वर आलो गं. निघालोच." आयने हाताने खूण केली, तू जा, औषधं आण. रंजू गेली. परत आली तेव्हाही बोलणं चालूच होतं. मग आयने फोन ठेवला, स्वतःहून पेज मागितली, वाटीभर प्यायली, आणि कुशीवर झोपली ती उठलीच नाही.

मी त्याच रात्री रंजूला सांगितलं, की तो फोन मी केलेला नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "दादा, तुला धक्का बसलाय. आवाज मी ऐकला ना." जमलेले सगळे म्हणत होते, पोरगा शेवटचं बोलला तरी, माऊली सुखाने गेली. मी मान हलवत होतो.

आयचा फोन मी पाहिला. आलेल्या कॉलमध्ये माझं नाव, वेळ एक सत्तेचाळीस, सात मिनिटं. माझ्या फोनमध्ये त्या वेळेला काहीही नाही. मोबाईल कंपनीकडून माझ्या नंबरचा महिन्याचा तपशील काढला, त्यातही नाही. आता मी इतरांचे अनुभव जसे सोलायचो तसा हाही सोलला. तिच्या फोनचं घड्याळ चुकलं असेल? बरोबर होतं. जुना कॉल असेल? सात मिनिटं मी तिच्याशी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो, आमचे फोन दहा सेकंदांचे. दुसऱ्या कोणी माझ्या नंबरवरून केला असेल, असं होतं म्हणे आजकाल. मग त्याला 'वर आलो' म्हणायचं कसं ठाऊक? बिहारी पोरालाही छेडलं. तो म्हणाला, "भैया, आप तो मेरे सामने बैठे थे, केबल छील रहे थे।" प्रत्येक दार ठोठावून झालं.

दहाव्याचे विधी आटोपल्यावर संध्याकाळी मागच्या अंगणात मी आणि रंजू दोघंच होतो. इतके दिवस तिने विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"दादा, मी औषधं घेऊन दारात आले ना, तेवा आय माझं नाव घेत होती. मला बघितलं नि आवाज खाली केला. माझ्याबद्दल काय म्हणाली?"

मी तिच्याकडे बघितलं. दोन वर्षं तोंड फिरवून बसलेल्या आईची शेवटची सेवा या पोरीने केली होती, आणि आईने तिला शेवटपर्यंत काही म्हटलं नव्हतं. आता 'मला माहीत नाही' म्हटलं असतं, तर तिने आयुष्यभर वाईटच धरलं असतं. तो फोन माझा नाही, हे पुन्हा पटवायला बसलो असतो, तर तेवढाही आधार गेला असता. घरात हे बोलता येत नाही म्हटलं, ते यासाठी.

मी म्हटलं, "म्हणाली, रंजूवर माझा राग कधीच गेला, पण तोंडावर बोलवत नाही. जावई चांगला आहे म्हणाली. तिला सांभाळ म्हणाली."

रंजू ओंजळीत तोंड लपवून इतकी रडली की जमनाकाकू धावत आल्या. मग उठली, तोंड धुतलं, आणि नवऱ्याला फोन करून म्हणाली, आय तुमाला चांगला म्हणाली. मी तिथेच बसून राहिलो. आयच्या तोंडी शब्द घालताना मला भीती वाटली नाही. वाटलं, त्या दुपारी माझ्या आवाजात जो कोणी आयशी बोलला, त्यानेही असंच काहीतरी केलं असेल, समोरच्याचा जीव निवावा म्हणून. पण तो कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

त्याच्यावर माझा राग नाही. मी करायचं काम त्याने केलं. फक्त एक गोष्ट आतून कुरतडते. आय माझ्याशीच बोलतेय समजून सात मिनिटं बोलली. रंजूबद्दल बोलली, माझ्याबद्दल काही बोलली असेल, कदाचित रागावलीही असेल. ते सगळं ऐकणारा कोणीतरी आहे. आणि तो मी नाही.