साडूंचं ग्वानिन

सबंध बुलढाणा जिल्ह्यात आमच्या साडूंइतका रागीट माणूस नाही, आणि मला त्यांच्याइतका राग आणणाराही दुसरा कोणी अजून जन्माला यायचा आहे. ते नांदुऱ्याजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतात, म्हणजे तास असला तर प्राध्यापक, नसला तर घरी. पीएच.डी. झाली की कायमच्या जागेच्या मुलाखतीला बसता येईल, या एका आशेवर दोन्ही घरं सहा वर्षं तग धरून होती. विषय काय, तर डीएनएमधले थायमिन, ग्वानिन वगैरे चार घटक पाण्यात असताना इलेक्ट्रॉन कसे गमावतात आणि कसे मिळवतात. यात कुठे डीएनए नाही, परीक्षानळी नाही, पाण्याचा थेंबही नाही. सगळं कॉम्प्युटरवरचं गणित. आणि तो कॉम्प्युटर माझ्या बैठकीत, कारण इन्व्हर्टर माझ्याकडे!

एकेक गणित आठ-आठ दिवस चालायचं. तेवढे दिवस आमच्याकडे मिक्सर लावायला बंदी. एकदा लाइन गेलेली असताना बायकोनं विसरून मिक्सर फिरवला, इन्व्हर्टर बसला आणि साडू स्वयंपाकघराच्या दारात उभे. "ताई, तुमच्या चटणीनं माह्या थायमिनचे सहा दिवस खाल्ले!" बायको कसली ऐकते! "मंग आज पोयीसंग थायमिनच खा जवाई," म्हणाली. साडूंनी खरंच चटणीला हात लावला नाही. मे महिन्यात माझ्या मुलीला पाहायला संग्रामपूरची मंडळी आली, तेव्हा या गृहस्थानं पाहुण्यांसमोरचा कूलर उचलून कॉम्प्युटरकडे वळवला. मुलाचे वडील उपरण्यानं वारा घेत बसले. मी दातओठ खात साडूंना आत बोलावलं, तर उलट माझ्यावरच डाफरले, "पाहुणे दोन घंट्यात जातीन भाऊ. हे अकरा दिवसांपासून चालून राह्यलं!" एका लग्नात कुणी सहज विचारलं, "याच्यानं कॅन्सर बरा होते का?" तर भरलं ताट ठेवून हे मांडवाबाहेर.

फक्त ग्वानिनचं नाव निघालं की आवाज खाली यायचा. चौघांत इलेक्ट्रॉन सगळ्यात आधी सोडतं ते ग्वानिन. "गरीब हाये बिचारं. कोनं मांगलं का देऊन टाकते, म्हून सगळ्यात आधी तेच खराब होते," असं ते पोटच्या पोरीबद्दल बोलावं तसं सांगायचे.

प्रबंध बांधून आला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात द्यायचा, म्हणजे सहा महिन्यांवरच्या मुलाखतींआधी पदवी हातात. त्या दुपारी साडू माझ्याकडे जुन्या फायली चाळत बसले होते, आणि एकच फाइल पुन्हा पुन्हा उघडून पाहू लागले. विजेचा भरवसा नसल्यानं त्यांनी एक पद्धत पाडली होती. रेणूची घडण आधी कोरड्यातच, म्हणजे भोवती पाणी न धरता, बसवून पाहायची, ते लवकर होतं. लाइन टिकली तर कॉम्प्युटरला 'भोवती पाणी धर' सांगणारी ओळ घालून पुन्हा बसवायची. तिघांना पाणी मिळालं होतं. ग्वानिनची घडण मात्र कोरडीच राहिली होती, आणि प्रबंधात चौघंही पाण्यात बसवल्याचं लिहिलं होतं.

त्यांनी मार्गदर्शकांना फोन लावला. स्पीकर चालू होता. "अहो, फरक पडला तर दशांशात पडेल. द्या तसाच. कोण पाहतंय?"

"मी पायलं ना सर!" साडू एवढ्यानं ओरडले की शेजारीण दारात आली.

मग मी ओरडलो. आयुष्यात एवढा कधी ओरडलो नाही. सहा वर्षं आम्ही काय उगाच उकाड्यात बसलो? स्वतःच्या बायकोकडे तरी पाहा म्हणालो. मेव्हणी तिथेच बसून पसरलेल्या फायली आवरत होती, याचा मला आणखी राग आला. साडूंनी बांधलेला प्रबंध पिशवीत घातला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते विद्यापीठात गेले नाहीत. मुलाखती झाल्या, जागा भरली. साडूंहून दहा वर्षांनी लहान मुलगा आज तिथे कायम आहे.

ग्वानिन पुन्हा चढवलं, या वेळी पाण्यात. लाइन जायची, गणित तुटायचं, साडू महावितरणला फोन लावून भांडायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. एका रविवारी सकाळी आकडा आला. फरक दशांशातच होता. क्रम तोच, ग्वानिन सगळ्यात आधी.

"म्हणजे आधीचंच बरोबर होतं!" माझं मौन सुटलं. "याच्यासाठी जागा घालवली तुम्ही?"

"बरोबर होतं भाऊ," ते हळूच म्हणाले. "पन तवा मले ते ठाऊक नव्हतं."

त्यांचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत न रागावलेले साडू मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते मला सहन होईना. मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्या गेलेल्या जागेचा राग मला आजही येतो, अंगाची लाही होते. फक्त तो आता साडूंवर येत नाही.