हात न लागणारी कॉफी

दुधातली लबाडी मनकर्णा ओव्हाळला वासावरून कळायची. शेरीवाडीच्या महिला दूध संस्थेत ती टेस्टर होती. म्हणजे दूध मोजायचं, फॅट काढायची, वहीत लिहायचं आणि भांडणं ऐकून घ्यायची. लॅक्टोमीटर नंतर. आधी ती किटलीवर नुसती वाकायची आणि म्हणायची, "पारूबाई, आज म्हशीनं पाणी जरा जास्तच पिलं वाटतं."

पारूबाई लेकराबाळांच्या शपथा घ्यायची. मग मनकर्णा लॅक्टोमीटर दुधात सोडायची. तो पारूबाईच्या शपथांकडे न बघता सरळ खाली जायचा.

अकरा वर्षांपूर्वी संस्था निघाली तेव्हा बारावी सायन्स झालेली बाई गावात एकच होती, आणि ती भीमनगरात राहत होती. त्यावर चार बैठका झाल्या. शेवटी अर्जुनरावांनीच तोड काढली. "अरे, ती दुधाला हात कुठं लावती? नळी लावती." या शास्त्रीय खुलाशाने गावाचं समाधान झालं. मनकर्णाच्या दोन म्हशींचं दूधही त्याच मोठ्या कॅनमध्ये पडायचं, आणि तिचा नवरा जालिंदर आपल्या टेम्पोतून ते पाटोद्याला नेऊन घालायचा. फॅट सांगणारं यंत्र निघालं होतं. कोणतं दूध कोणत्या आळीचं, ते सांगणारं अजून निघायचं होतं.

अर्जुनराव तसे संस्थेचे कोणीच नव्हते. अध्यक्ष त्यांच्या पत्नी सुंदरबाई. बैठकीत मधल्या खुर्चीवर अर्जुनराव बसत, शेजारच्या खुर्चीवर अध्यक्ष बसत, आणि सहीची वेळ झाली की पेन तेवढं शेजारी सरकत असे. मनकर्णाने केलेला चहा फिरू लागला की सुंदरबाई पदर सावरत हळूच म्हणायच्या, "मला न्हाई बाई. ॲसिडिटी होती."

ही ॲसिडिटी मोठी शहाणी होती. गावातल्या बारशाला, हळदी-कुंकवाला ती सुंदरबाईंच्या वाटेला जायची नाही. दूध केंद्राच्या पायरीवर मात्र वाट बघत बसलेली असायची. अकरा वर्षांत मनकर्णाने त्यावर कधी औषध सुचवलं नाही. ती कप भरताना एक कमी भरायची, एवढंच.

मग अठरा सालचा पाऊस आला नाही. दिवाळी उरकली आणि गावातली जनावरं चौसाळ्याच्या रस्त्यावरच्या चारा छावणीत जाऊन उभी राहिली. माणसांसाठी दर आठव्या दिवशी टँकर यायला लागला. केंद्रात दोनशे लिटर दूध जमायचं ते अठरा लिटरवर आलं. अठरा लिटरसाठी टेम्पो पाटोद्याला न्यायचा म्हणजे दुधापेक्षा डिझेलच जास्त जळायचं.

त्या साली शेरीवाडीत एकच पीक जोमात आलं, ते म्हणजे पाहुणे. छावणीचं उद्घाटन करणारे आले, टँकरला हार घालणारे आले. दुष्काळाची पाहणी करणारे आले, आणि त्यांच्या आधी पाहणीची तयारी पाहणारे आले. गाड्यांच्या काचा खाली व्हायच्या, पाण्याच्या बाटल्या बाहेर यायच्या, आणि चहाचा कप पुढे केला की दहातले पाच जण विचारायचे, "कॉफी नाही का?"

मनकर्णाने हे तीन-चारदा ऐकलं. अठरा लिटरची कॉफी किती होते याचा हिशेब तिने मनात केला आणि बैठकीत विषय मांडायचं ठरवलं: पाटोद्याचं दूध बंद करायचं. टेम्पोत कॉफीचं मशीन ठेवायचं. सामुदायिक लग्नं, उद्घाटनं, पाहणी, जिथं माणसं जमतील तिथं जायचं.

घरी जालिंदर हसला. "आपल्यात कॉफी कोण पितं गं?"

"आपण कुठं प्यायचीय? आपण पाजायची हाय."

"अन् आपल्या हातची पितील?"

 केंद्र बंद पडलं तर मनकर्णा घरी बसणार होती, ही काळजी होतीच. ती सगळ्यांना दिसत होती. दुसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. अकरा वर्षं तिने गावाचं दूध सांभाळलं होतं, नळीच्या मागे उभं राहून. एकदा तरी चारचौघांत उघडपणे आपल्या हातचं काही द्यावं, आणि घेणाऱ्याने कोण देतंय ते बघून घ्यावं, एवढी तिची इच्छा होती. फार मोठी नव्हती. पण जुनी होती.

बैठकीत विषय बघता बघता मंजूर झाला. मशीन कुठलं घ्यायचं यावर मात्र ज्यांनी जन्मात कॉफी पिली नव्हती त्यांचीही मतं पक्की होती. अर्जुनराव पुण्याला कुणाच्या तरी ऑफिसात एक मशीन बघून आले होते.

"वरनं बिया टाकायच्या, बटण दाबायचं, खालनं कॉफी. दूध बी आपलं आपण फेसाळतं. कुणाचा हात न्हाई, कुणाचं बोट न्हाई. एकदम शुद्ध!"

शेवटचा शब्द खोलीत जरा वेळ फिरत राहिला. मग त्यांच्याच लक्षात आलं असावं. ते मनकर्णाकडे वळून मायेने म्हणाले, "मनकर्णाबाईला तेवढाच आराम."

घरी ते ऐकून जालिंदर म्हणाला, "म्हंजी काढलं तुला."

"काढलं न्हाई. आराम दिला."

पण संस्था म्हटली की तीन दरपत्रकं लागतात. मशीन अर्जुनरावांच्या मनात कधीच ठरलं होतं, तरी कागदाला आणखी दोन हवी होती. ती आणायचं काम अर्थातच मनकर्णाकडे आलं. कागदापुरती आणायची होती; तिने मन लावून आणली.

एक जालिंदरच्या मोबाइलवर सापडलं. पितळी खलबत्त्याएवढं, हाताने दाबायचं. लाइट नको, गॅस नको, फक्त उकळतं पाणी घाला आणि जोर काढा. जालिंदरला ते फार आवडलं. मनकर्णाने विचारलं, "एका दाबात किती कप?"

"एक."

"दोनशे माणसांचं लग्न असलं तर?"

जालिंदरने आपल्या दंडाकडे बघितलं आणि व्हिडिओ बंद केला.

दुसरं पाटोद्याच्या धोंडीराम मंडपवाल्याकडे धूळ खात पडलं होतं. लग्नातलं जुनं एस्प्रेसो मशीन: स्टीलची उभी टाकी, खाली गॅसची शेगडी, वर दाबाचा काटा, बाजूला वाफेची नळी. टाकीतलं पाणी उकळलं की नळी दुधात धरायची. फुस्स आवाज होतो, फेस चढतो, वर कोको पावडर भुरभुरायची. धोंडीराम म्हणाला, "आत क्षाराची पुटं चढलीत, बाई. बोअरच्या पाण्यानं खाल्लं त्याला."

मनकर्णाने टाकीत हात घातला, नखाने पूट खरवडून बघितलं. तिच्या घरच्या पातेल्यालाही हेच पूट होतं, आणि ते कशाने निघतं ते तिला ठाऊक होतं. टाकी तिने पाहायला म्हणून केंद्रात आणली आणि दोन दिवस चिंचेचं पाणी घालून उकळली. तिसऱ्या दिवशी तिच्यात तोंड दिसत होतं.

तिसरं ते पुण्याचं. कंपनीचा माणूस ते गादीत गुंडाळून, पाण्याचा जार सोबत घेऊन आला. मशीन खरंच देखणं होतं. काळं कुळकुळीत, पुढं निळे दिवे. सगळ्या सभासद बाया लग्नाच्या नवरीला बघावं तशा भोवती जमल्या. माणसाने बटण दाबलं. मशीनने घरघर केली आणि नळीतून नुसतं गरम पाणी सोडलं.

"हे काय?" मनकर्णा म्हणाली.

"रिन्सिंग, मॅडम. स्वतःला स्वच्छ करतं. सुरू होताना, बंद होताना, आणि दुधाचं काम झालं की."

"म्हंजी चूळ भरतं," पारूबाई म्हणाली.

मनकर्णाने दुधाचं माप आणलं आणि नळीखाली धरलं. बाकीच्यांनी कॉफीकडे लक्ष दिलं, तिने मापाकडे. दहा कप कॉफी झाली तोवर चुळांचं पाणी तीन लिटर भरलं होतं. तिने ते वहीत लिहिलं आणि पाणी वासराला पाजलं. आठ दिवसांच्या टँकरवर चाललेल्या गावात मशीनच्या चुळांना एवढं पाणी कुठून आणायचं, हे तिने विचारलंही. अर्जुनराव म्हणाले, "लई खोलात शिरती तू. चांगल्या घरच्या माणसाला चूळ भरायची सवय असतीच."

तेवढ्यात निरोप आला, की बुधवारी दिल्लीचं पथक छावणी बघायला येणार. अर्जुनरावांना याहून मोठा मुहूर्त कुठला मिळणार? मशीन तेव्हाच लावून दाखवायचं ठरलं. मनकर्णाने दूध पोचवायचं आणि घरी जायचं.

बुधवारी टेम्पो भरताना ती जालिंदरला म्हणाली, "धोंडीरामची टाकी बी घ्या."

"कावून? तुला तर बोलावलं न्हाई."

"दूध उतरवायला तर बोलावलंय. शेगडीवर राहू द्या ताडपत्रीखाली. कुणाला काय खाती ती?"

छावणीत मांडव घातला होता. पांढरं कापड घातलेल्या टेबलावर मशीन ठेवलं, जनरेटर सुरू झाला, निळे दिवे लागले. कंपनीच्या माणसाने मशीनच्या पोटात टँकरचं पाणी ओतलं. लाल दिवा लागला. परत ओतलं, परत लाल.

"पाणी जड आहे, साहेब. हे पाणी त्याला चालत नाही."

"गावाला चालतंय की!" अर्जुनराव म्हणाले.

"गावाला सेन्सर नाही, साहेब. बाटलीचं पाणी द्या."

पाहुण्यांसाठी आणलेले बाटल्यांचे खोके फोडले. एकामागून एक सात बाटल्या मशीनच्या पोटात गेल्या, आणि पोट भरल्यावर मशीनने सवयीप्रमाणे पहिली चूळ भरली. खाली बादली ठेवायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाटलीचं पाणी पांढऱ्या कापडावरून ओघळत मातीत गेलं.

आणि पलीकडे, दहा हातांवर, टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या असलेल्या साठेक बायांनी ते बघितलं.  एक घागर खाली ठेवल्याचा तेवढा आवाज झाला. रस्त्यावर पथकाच्या गाड्यांची धूळ दिसायला लागली होती, आणि त्यांच्या पुढे कॅमेरेवाल्यांची जीप होती.

अर्जुनराव माणूस हुशार. उद्याच्या पेपरातला फोटो त्यांना आजच दिसला. ते दोन्ही हात पसरून मशीनपुढे उभे राहिले आणि ओरडले, "झाका ते! मनकर्णे... मनकर्णाबाई, तुझी ती टाकी कुठाय?"

"टेम्पोत हाय, अण्णा."

"तापायला किती वेळ?"

"तापलीय."

टाकी उतरली. काटा आधीच चढलेला होता. अर्जुनरावांनी घाईने मांडवाचं एक निळं कापड सोडवून घेतलं. "हे पुढनं बांध. तू आतनं कप दे, मी देतो पाहुण्यांला. धूळ लई येती."

मनकर्णाने कापड हातात घेतलं, एक बोट ओलं करून वर धरलं.

"धूळ मागनं येती, अण्णा. वारा तिकडचा हाय. आडोसा मागं न्हाई केला तर जाळ इझंल."

आणि तिने जालिंदरच्या मदतीने कापड आपल्या पाठीमागे बांधलं. गाड्या थांबल्या होत्या. वाद घालायला वेळ नव्हता. निळ्या कापडापुढे, टाकीशेजारी, ती सगळ्या छावणीला दिसेल अशी उभी राहिली आणि तिने नळी दुधात सोडली. फुस्स आवाज झाला तशी बांधलेली जनावरंसुद्धा मान वळवून बघायला लागली.

पथकाने छावणी दहा मिनिटं बघितली आणि कॉफी वीस मिनिटं पिली. चष्मेवाल्या एका साहेबाने दुसरा कप मागितला आणि हिंदीत विचारलं, "आप का नाम?"

"मनकर्णा जालिंदर ओव्हाळ," तिने सांगितलं. एवढ्या मोठ्याने सांगायची गरज नव्हती. साहेब समोरच उभा होता.

साहेबाच्या पाठोपाठ तहसीलदार पिले, तलाठी पिले, कॅमेरेवाले पिले. गावातली मंडळी आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग दिल्लीवाला पितो म्हटल्यावर आपणच मागे का, म्हणून एकेक पुढे सरकली.

गाड्या गेल्या. भांड्यात एक-दोन कपांचं दूध उरलं होतं. मनकर्णा गॅस बारीक करत होती तेव्हा सुंदरबाई पुढे आल्या.

"उरली का गं?"

मनकर्णाने वर बघितलं. "उरली. पण वहिनी, तुमची ॲसिडिटी?"

"ती चहाची."

मनकर्णाने कप भरला, वर कोको जरा जास्तच भुरभुरला. सुंदरबाईंनी तो रांगेतल्या सगळ्या बायांच्या देखत दोन्ही हातांत धरला. जीपमधून अर्जुनरावांनी हाक मारली, "चला!"

"थांबा," सुंदरबाई म्हणाल्या. अध्यक्षांनी दिलेला हा पहिला आदेश. जीपचं इंजिन बंद झालं. त्यांनी कॉफी तळाशी साखर दिसेपर्यंत पिली, आणि ओठावरचा फेस पुसायचं विसरून तशाच गेल्या.

पुढच्या बैठकीत धोंडीरामचं मशीन मंजूर झालं. पाण्याची बचत, जुन्याला जीवदान आणि ग्रामीण बाज या मुद्द्यांवर अर्जुनराव अर्धा तास बोलले. आपल्याला हे पहिल्यापासूनच वाटत होतं, असंही म्हणाले. मशीन चालवायला मनकर्णा ओव्हाळ, हे मात्र सुंदरबाईंनी स्वतः सांगितलं, पेन सरकायच्या आधी. मनकर्णाने ठरावाच्या वहीत 'सूचक: अध्यक्ष' असं लिहिलं. अकरा वर्षं ती हे लिहीत आली होती. त्या दिवशी ते खरं होतं.

नंतर चहा फिरला. तिने या वेळी कप बरोबर मोजून भरले होते. शेवटचा कप समोर आला तशी सुंदरबाईंनी पदर सावरला.

"मला न्हाई बाई. ॲसिडिटी होती," त्या म्हणाल्या. "माझ्यापुरती कॉफी कर."