राहून गेलेली पानथरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे. तुम्हाला सांगतोय.

मी कोल्हापुरात सर्जन आहे. माझ्या फजित्या मीच रंगवून सांगतो. एकदा तर भलत्याच पेशंटच्या नातेवाइकांना अर्धा तास धीर देत बसलो होतो. लोक हसतात. पण याला कोण हसेल?

इचलकरंजीच्या सुमनताई. त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स त्यांचीच पानथरी — प्लीहा हो — खात होती. अंगभर काळेनिळे डाग. मी पानथरी काढली. आता, काही माणसांत आईच्या पोटातच पानथरीचा एखादा तुकडा वेगळा पडतो, वाटाण्याएवढी दुसरी पानथरी होऊन राहतो. म्हणून पोट शिवण्याआधी ठरलेल्या जागा चाचपायच्या. पाच मिनिटांचं काम. शिकाऊ डॉक्टरांना हेच मी घसा फोडून सांगतो. आणि त्या दिवशी? उचगावात मटणाचं आवतण होतं, मंडळी खोळंबली होती. नाही चाचपलं. रश्श्याच्या वाटीसाठी — काय म्हणावं या माणसाला?

वर्षभरात डाग परत आले. काय राहिलं असणार, ते मला बघताक्षणीच कळलं. तरी मी त्यांच्यावरच खेकसलो, "ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्या बुडवल्या असणार."

"न्हाय ओ डॉक्टर, एक दीस चुकला न्हाय."

"खोटं बोलती," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. "हिला सगळ्याचाच कट्टाळा."

आणि मी मान डोलावली.

स्कॅनमध्ये ती दिसली, आता लिंबाएवढी झालेली. मी सांगितलं, "नवीन उगवलीय." उगवायला ती काय मेथी आहे? जन्माआधीपासून तिथेच होती. मी पुन्हा पोट उघडलं, काढली. डाग गेले. वर माझा सत्कार — नारळ, टोपी, टॉवेल. घेतला की मी, निर्लज्जासारखा.

त्या अजून तपासणीला येतात. नवरा बाकावरच्या अनोळखी माणसालाही ऐकवतो, "हिनं गोळ्या बुडवल्या, म्हणून दोनदा फाडाय लागलं." आधी त्या नाही म्हणायच्या. गेल्या खेपेला त्याच मला म्हणाल्या, "माझंच चुकलं असंल ओ. तुमी होता म्हणून वाचलो."

मी खाली बघून औषध लिहीत राहिलो.

त्यांची एकही गोळी चुकलेली नव्हती.