मेलेलीने सावरलेला पदर

तो चित्रपट वाईट होता आणि तो माझ्या धाकट्या भावाने काढला होता. ही दोन विधाने एका वाक्यात लिहिताना माझा हात अडखळत नाही.

भाऊ सोनईत लग्नांचे शूटिंग करतो. हळदीने माखलेले गाल, वरातीतला घामेजलेला घोडा, पंगतीत तोंडात घास असताना दचकून वर पाहणारे पाहुणे, हे सारे तो गेली कित्येक वर्षे टिपतो आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने झॉम्बींचा चित्रपट करायचे ठरवले. बेपत्ता झालेल्या एका शूटिंगवाल्याचा कॅमेरा उसाच्या सरीत सापडतो आणि त्यात जे निघाले तेच आपण पाहतो आहोत, असा त्याचा बहाणा. कुठल्याशा कारखान्याच्या मळीचे पाणी विहिरीत उतरते, ते पिणारे मरतात, मेलेले उठतात आणि जिवंतांना खायला निघतात. अशा चित्रपटात कॅमेरा हलला तरी चालतो, उजेड कमी पडला तरी शोभतो, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. वाईट काम करायला परवाना मिळाल्याचा आनंद मी त्याच्या तोंडावर स्पष्ट पाहिला होता.

"आक्का, तू फकस्त बोल," तो म्हणाला. "चारच वाक्यं. तू कवितेची मानूस. कायतरी भारदस्त."

कॉलेजात कविता शिकवण्यात माझी उमर गेली. स्तुतीला मी अजून भुलते. खोलीत आवाज घुमू नये म्हणून रजईखाली डोके घालून, जुन्या कापसाचा कोंदट वास घेत, मी त्याच्या मोबाईलवर स्वर खाली उतरवून म्हटले: "यांना भूक आहे. यांना नाव नाही. हे धुरातून येतात. यांच्याशी बोलू नका." तिसऱ्या वाक्यानंतर घेतलेल्या विरामाचा मला अभिमान वाटला. ही वाक्ये कोणत्या चित्रावर बसणार, हे मी विचारले नाही.

फाल्गुनातल्या एका रविवारी दुपारी त्याने मंगल कार्यालयात खेळ ठेवला. पाडव्याला चित्रपट यूट्यूबवर चढणार होता. त्याआधी गावाने पाहावा, अशी त्याची हौस. खिडक्यांवर ताडपत्र्या बांधल्या होत्या. तापलेल्या ताडपत्रीचा वास, मागच्या लग्नातल्या तळणाचा वास आणि बंद दालनातल्या दोनशे माणसांचा वास एकमेकांत मिसळून जिभेवर बसत होता. पुढच्या खुर्च्यांवर वडील आणि पाहुणे. मागे सतरंजीवर आमच्या उसाची तोड घेणारी टोळी. पाथर्डीकडची ही माणसे चार हंगामांपासून आमच्या बांधाला कोप्या घालतात, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याची खोपटी. त्यांनी आमच्या घराच्या नळावर पाणी भरायचे, हे ठरलेले. मी वडिलांकडेच राहते, त्यामुळे नळावरच्या त्या बायका माझ्या रोजच्या पाहण्यातल्या. भावाने त्यांना फोटोत गर्दी दिसावी म्हणून बोलावले होते.

पहिला अर्धा तास मी सुखाने चिडले. लग्नाच्या शूटिंगची सवय त्याच्या बोटांतून जात नव्हती. नवरीचे दागिने दाखवावेत तसा कॅमेरा मेलेल्याच्या पायांपासून संथपणे वर चढे. एका प्रेताने कॅमेरा दिसताच शर्टाची कॉलर नीट केली. मग नायक पळत शनिशिंगणापुरात मित्राच्या घरी शिरला. तिथल्या घरांना दारे नसतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. नायकाने कुत्री आत येऊ नयेत म्हणून ठेवतात ती फळी उंबऱ्यात आडवी लावली आणि तिला पाठ टेकून धापा टाकत बसला. गुडघ्याएवढी फळी. बाहेर आठ मेलेले उभे राहिले. एकालाही पाय उचलून आत यावेसे वाटले नाही.

"आरं, म्हाराजाला भ्येलं आसत्याल!" मागून कुणीतरी ओरडले.

"मेल्यावर बी साडेसाती न्हाई सुटत व्हय!"

मीही हसले. त्या हसण्याचा मला आता राग येतो, कारण पुढच्याच क्षणी पडद्यावर धूर आला.

तोडीआधी पेटवलेल्या उसाचा धूर मी न पाहताही ओळखते. त्याला करपलेल्या साखरेचा गोडवा असतो आणि त्या गोडव्याच्या पोटात कडू राख. पाचट जळून जाते, काळे दांडे उभे राहतात आणि पहाटेपासून तोडणारी माणसे त्या काळ्यातून काळी होऊन बाहेर येतात. पडद्यावर तीच येत होती. हातांत कोयते, डोळे तांबारलेले, पावले जड. त्यांच्यावर माझा आवाज पसरला: "यांना भूक आहे. यांना नाव नाही."

बांधावरची वाकडी बाभूळ मी ओळखली. ते आमचेच रान होते, आणि त्यांतले कुणीही अभिनय करत नव्हते.

सर्वांत शेवटी एक बाई आली. काजळीत तिच्या ओठांची कड तेवढी ओली दिसत होती. ती सरळ कॅमेऱ्याकडे चालत आली, थबकली, तिची नजर कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे गेली आणि तिने काळ्या हाताने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

"मेली तरी पदर सुटंना!"

सारे दालन फुटले. पुढच्या रांगेत वडीलही खांदे हलवून हसत होते. मी मागे वळून पाहिले. सतरंजीवर कुणी हसत नव्हते. ती बाई तिथेच बसली होती, धुतलेल्या तोंडाची, आणि पडद्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

संध्याकाळी ती नळावर आली. कळशी खाली ठेवली, नळ सोडला.

"ताई, ते भुकंचं बोललं ते तुमीच ना?"

"हो."

"वाटलंच. रोज ऐकते, वळखला आवाज." पाण्याची धार पितळेवर वाजत होती. "आमाला काय ठावं. तुमचं दादा म्हनलं, जळल्याला ऊस कारखान्याला दावायचाय. म्हनून सरळ चाललो, कुनी दात काढलं न्हाईत."

तिने भरत आलेली कळशी हाताने सरळ केली.

"माझी पोरगी गावाकडं आजीपाशी हाय. चौथीत. सारखी मोबाईल बघती. तिला आय मेल्याली दिसायची. तेवढं माझं काढाया सांगा."

"सांगते. काढायलाच लावते."

"आन नाव न्हाई म्हनलात तुमी." तिने नळ बंद केला. "नाव हाय की मला. चार हंगाम झालं तुमच्या नळाला पानी भरते. सांगा बरं, काय हाय?"

मला तिच्या चुंबळीचा रंग आठवत होता. तिच्या डाव्या अंगठ्यावरचा कोयत्याचा जुना वण मी डोळे मिटूनही काढून दाखवला असता. नाव मला येत नव्हते. तिने बराच वेळ वाट पाहिली, मला पुरेसा वेळ मिळावा अशी. मग कळशी उचलली आणि गेली.

भाऊ संगणकासमोर बसला होता.

"ते उसातले दृश्य काढ," मी म्हणाले.

"तेवढंच तर चाललं, आक्का! बाकीच्याला माना टाकल्या लोकांनी. हासलं बघ कसं!"

"तू त्यांना खोटे सांगितलेस."

"आपल्या रानात आपन शूटिंग केलं. त्यात काय विचारायचं?"

"मग माझा आवाजही काढ."

"काढतो की," तो मागे न वळता म्हणाला. "आत्ता काढतो. तुझ्यावाचून काय अडलंय?"

त्याने खरोखरच माउस हलवला. आणि लिहायला हवे म्हणून लिहिते: क्षणभर मला सुटल्यासारखे वाटले. माझी चार वाक्ये पुसली जातील, मी स्वच्छ होईन; ती बाई तिथेच काळी, मेलेली, आपल्या मुलीच्या मोबाईलमध्ये चालत राहील. त्या क्षणी मी भावाहून बरी नव्हते. वीस वर्षे शब्दांचे वजन शिकवणारी बाई आपल्या शब्दांपुरतेच पाहत होती.

"राहू दे आवाज," मी म्हणाले आणि ओसरीवर गेले. तिथे वडील अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

त्या बाईच्या मुलीविषयी मी त्यांना सांगितले नाही. वडिलांना मी ओळखते. कुठली कळ दाबावी लागते, हे मला ठाऊक होते. मी एवढेच विचारले, "शूटिंगच्या वेळी तुम्ही कुठे उभे होता?"

"हितंच, बांधावर. कॅमेऱ्याशेजारी. का गं?"

"डाव्या बाजूला?"

अडकित्ता थांबला. आमच्याकडे कामावरची बाईसुद्धा वडीलधाऱ्या माणसापुढे उघड्या डोक्याने उभी राहत नाही; धुराने घसा जळत असला, हातात कोयता असला, तरी एक हात पदराकडे जातो. वडिलांनी तो मान जन्मभर घेतला आहे. आज त्यावर गाव हसले होते आणि त्यात ते स्वतः होते. हे त्यांच्या चेहऱ्यावर उतरायला सुपारीचे एक खांड तोंडात टाकण्याएवढा वेळ लागला.

ते उठून भावाच्या खोलीत गेले.

"माझ्याम्होरं घेतल्याला पदर तू गावाला हासाया दावला?"

"आण्णा, तसं न्हाई…"

"काढ. माझ्याम्होरं काढ. धुरातलं समदंच काढ."

भावाने ते दृश्य काढले. पाडव्याला चढलेल्या चित्रपटात धूरही नाही आणि टोळीही नाही. नायक विनाकारण घाबरतो आणि फळीमागे जाऊन बसतो. तेव्हापासून भाऊ माझ्याशी कामापुरतेही बोलत नाही. मलाही त्याच्याशी बोलायचे नाही. पण त्या लहान मुलीच्या आईचे तोंड वडिलांच्या इभ्रतीपायी वाचले, तिच्या स्वतःच्या सांगण्याला या घरात काडीची किंमत मिळाली नाही, आणि हा मार्ग मीच निवडला, हे मला विसरता येत नाही.

पाडव्यानंतर चार दिवसांनी तोड संपली. कोप्या मोडून ट्रॉलीत सामान भरले जात होते: भांडी, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. विझवलेल्या चुलींचा ओला, राखाडी वास सगळ्या बांधावर होता. मी तिच्यापाशी गेले.

"काढले ते. मी स्वतः पाहिले."

"बरं झालं." ती दोरीला गाठ मारत होती.

"आणि तुझे नाव…"

तिने गाठ दातांनी आवळली, मगच माझ्याकडे पाहिले.

"आता कशाला, ताई? दुसऱ्या पिच्चरला लागतंय का?"

बाकीच्या बायका हसल्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. 

ट्रॅक्टर सुरू झाला. ती गोधड्यांच्या ढिगावर चढून बसली. वडील टोळीला निरोप द्यायला बांधावर आले होते, बाभळीपाशी, नेहमीच्या जागी. तिने त्यांना पाहिले. वाऱ्याने तिचा पदर खांद्यावर उतरला होता. तो तिने तिथेच राहू दिला.