ते दाणे तसेच राहू द्या

माझी आई एका सिनेमात आहे. साताऱ्याकडच्या तिच्या गावी शूटिंग आलं होतं आणि बाजाराच्या दृश्यासाठी गावातलीच माणसं बसवली होती. आई नुकती लग्न होऊन आलेली, मेथीच्या जुड्या मांडून बसली. कॅमेऱ्याकडे कुणीही बघायचं नाही, असं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. आईने बघितलं. नायक तिच्या पुढ्यातून जातो आणि ती मान वर करून सरळ आपल्याकडे बघते. दिग्दर्शकाने ते का कापलं नाही कोण जाणे, पण नाही कापलं.

सिनेमा काळापांढरा, फारसा न चाललेला. त्याची ब्लू-रे डिस्क निघाली तेव्हा मी लगेच घेतली. मोशीला आई माझ्याकडेच असते. आम्ही दोघींनी ती डिस्क किती वेळा लावली असेल, सांगता येणार नाही. चित्रात सतत बारीक दाणे हलत असतात. फिल्मवर काढलेला सिनेमा तसाच दिसायचा. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे कण असतात, उजेड पडला की त्यांचंच चित्र होतं. दाणे चित्रावर बसलेले नसतात, चित्रच त्यांचं बनलेलं असतं. हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि मनाला पटलं होतं.

धाकटा भाऊ हिंजवडीला आयटीत आहे, राहतो मारुंजीला. आईच्या पंचाहत्तरीला त्याने भिंतभर टीव्ही घेतला आणि आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर त्याने एक नवी डिस्क काढली. तोच सिनेमा, एका दुसऱ्या कंपनीने स्वच्छ करून आणलेला.

"आई, आता बघ स्वतःला. कालच शूटिंग केल्यासारखं वाटेल," तो म्हणाला. मनापासून आणली होती त्याने, हे मला दिसत होतं.

बाजार आला. चित्र काचेसारखं होतं, एक ओरखडा नाही. नायक गेला, मेथीवालीने मान वर केली.

आई पुढे वाकली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला चांगलं दिसतं. "ही कोन?" तिने विचारलं.

"अगं, तूच की!"

"मी न्हाई ही. हिचं गोंदण कुठं हाय?"

आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, लहानपणी गोंदवलेले. पडद्यावरच्या बाईची हनुवटी कोरी होती. गालही तसेच, मेणाचे असावेत असे गुळगुळीत. भावाने चित्र थांबवलं, जवळ जाऊन बघितलं. सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरने दाणे काढता काढता ठिपकेही धूळ समजून काढले होते.

आईच्या हनुवटीवरचं गोंदण लोकांच्या डोळ्यांत आधीपासूनच खुपतं. वडील पिंपरीत कंपनीत लागले आणि ती दोघं इकडे आली, तेव्हा चाळीतल्या शेजारणी तिला पावडर लावायला सांगायच्या. भावाच्या लग्नात फोटोवाल्याने अल्बममध्ये ते ठिपके परस्पर पुसले होते. आईने अख्खा अल्बम परत पाठवला होता आणि ठिपक्यांसकट नवा करून घेतला होता. आता तर तिला न विचारता सिनेमातूनही पुसले होते. माझं डोकंच फिरलं.

"काढ ती डिस्क," मी म्हणाले.

"ताई, एवढं काय? बाकी पिक्चर किती क्लिअर आहे बघ ना."

"क्लिअर नाही, घासून टाकलाय. तो म्हातारा बघ मागचा. त्याची दाढी कुठे गेली? ते पोतं बघ, त्याची वीण दिसत नाही."

भाऊ हसला. "तू चाकणला दिवसभर काय करतेस? गाडीच्या पत्र्यावर धुळीचा एक कण दिसला तरी पत्रा परत पाठवतेस. आणि इथे तुला दाणे पाहिजेत!"

"पत्रा नवा असतो. त्यावर धूळ बाहेरून बसते. हे दाणे बाहेरून आलेले नाहीत."

भावजय म्हणाली, "ताई, खरं सांगू? जुन्या डिस्कवर मुंग्या फिरल्यासारखं वाटतं मला."

"फिरू दे," मी म्हणाले.

माझी डिस्क पिशवीतच होती. आईच्या वाढदिवसाला लावू म्हणून आणली होती, पण भावाने आधीच नवी काढली होती. मी ती प्लेअरमध्ये घातली. दाणे दिसले, पण चिखलासारखे, गोळे होऊन. टीव्हीच स्वतःहून सफाई करत होता. मी रिमोट घेतला आणि सेटिंगमध्ये शिरले. नॉइज कमी करणारं बंद केलं. हालचाल गुळगुळीत करणारं बंद केलं. शार्पनेस खाली आणला. भाऊ नुसता बघत होता.

मग बाजार पुन्हा आला. भिंतीचं सारवण दिसलं, म्हाताऱ्याचे दाढीचे खुंट दिसले, मेथीची पानं सुटी सुटी दिसली. आईने मान वर केली. तीन ठिपके.

"व्हय," आई म्हणाली. "ही मी." आणि सोफ्यावर मागे टेकून बसली.

मग भाऊ म्हणाला, "बरं, आईपुरतं पटलं. पण बाकीच्या सिनेमांना काय हरकत आहे?"

"बाकीच्या सिनेमांत कुणाच्या आया नाहीत का?"

यावर त्याने नवी डिस्क डबीत घालून माझ्या हातात दिली. पटल्यामुळे की कंटाळून, ते मला ठरवता आलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी नव्या डिस्कच्या कंपनीला फोन लावला. फोनवरचा मुलगा नम्र होता. "मॅडम, दाणे दिसले की लोक खराब डिस्क म्हणून परत करतात. म्हणून आम्ही सफाई करतो."

"मग मीही परत करतेय. दाणे नाहीत म्हणून."

तो गोंधळला. असं कारण त्याच्या कॉम्प्युटरवर नव्हतं. कव्हर फाटलंय का, डिस्क अडकते का, असं विचारत राहिला.

"डिस्क उत्तम चालते," मी म्हणाले. "तुम्ही माझ्या आईचं गोंदण कचरा समजून काढलंत. तसंच लिहा."

"तसं लिहिता येत नाही, मॅडम."

"मग तुमच्या साहेबांना द्या."

साहेब आले. त्यांनी सांगितलं की सफाई आपोआप होते, माणूस प्रत्येक चित्र बघत नाही. मी म्हणाले, मग बघा. ते म्हणाले, परवडत नाही. मी म्हणाले, मग हात लावू नका. शेजारच्या टेबलावरचे सहकारी डबा खायचे थांबून ऐकत होते. त्यातला एक म्हणाला, "राव, मॅडमनी पत्र्यासारखा सिनेमाच रिजेक्ट केला!" मी म्हणाले, हो, केला.

डिस्क परत गेली. कंपनीने नवी आवृत्ती काढलेली नाही, काढेल असंही वाटत नाही. दुकानात आजही तो गुळगुळीत बाजारच मिळतो. कुणी विचारलं तर घेऊ नका म्हणून सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आता मारुंजीला गेले की मी चपला काढते, पाणी पिते आणि रिमोट हातात घेऊन ती सगळी सफाई बंद करते. भाऊ म्हणतो, "ताई, टीव्ही माझा आहे." मी हो म्हणते आणि बटण दाबते. आम्ही निघालो की भावजय पुन्हा सगळं चालू करते, हे मला ठाऊक आहे. रविवारी आईला घेऊन मी पुन्हा जाणार आहे.