म्हातारीच्या मातीला कोण गेलं?

माझ्या मैत्रिणीच्या आईइतकं मनापासून रागावणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. आपल्यावर अन्याय झाला की सगळेच चिडतात. ही बाई जगात कुणावरही झालेला अन्याय घरी घेऊन यायची आणि त्यावर चिडायची. औशाला आम्ही एकाच गल्लीत राहत होतो, मी तिला मावशी म्हणायची. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. मावशीने पेढा घेतला आणि वाटणाऱ्यालाच विचारलं, की जिल्हा आला ते बरंच झालं, पाणी कधी येणार? पाणी काही आलं नाही, दुष्काळ आला. नवरा आधीच वारलेला, पदरात एक मुलगी. मावशी रोजगार हमीवर खडी फोडायला जायला लागली. टँकर आला की तिचं आधी भांडण व्हायचं आणि मग घागर भरायची.

लातूरला एका ख्रिस्ती संस्थेची योजना होती. परदेशातलं एखादं माणूस इथल्या एका मुलाचं पालकत्व घ्यायचं, आणि त्यातून मुलाची शाळा, कपडे आणि टंचाईत घरापुरती ज्वारी मिळायची. माझ्या मैत्रिणीला अशीच एक दूरदेशीची म्हातारी मिळाली. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की आता ह्या मायलेकी बाटणार. गळ्यात लिंग आणि कपाळाला विभूती लावलेली मावशी टँकरच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की ज्वारीबरोबर कुणी धर्म धाडलेला नाही, पाहिजे तर पोतं उघडून बघा. कुजबुज तिथेच संपली.

पण संस्थेचाही तिला तितकाच राग यायचा. म्हातारीला पाठवायला मुलीचा फोटो हवा होता. फोटोग्राफरने माझ्या मैत्रिणीला पडक्या भिंतीपुढे उभं केलं, केस मोकळे सोडायला सांगितले आणि वर हसू नको म्हणाला. मावशीने त्याला ओट्यावर बसवून ठेवलं, मुलीची तेल लावून वेणी घातली, माझा नवा परकर तिला नेसवला आणि मग विचारलं, "म्हातारीला पोरगी दाखवायची हाय का भिंत?" फोटो हसराच गेला.

उलट टपाली म्हातारीचाही फोटो आला. मोठ्या खुर्चीत स्वेटर घातलेली म्हातारी आणि तिच्या मांडीवर कुत्रं. मावशीने तो बराच वेळ न्याहाळला आणि हिची मुलंबाळं कुठं आहेत म्हणून विचारलं. संस्थेतर्फे दर महिन्याला एक मास्तर आमच्याकडे येत, फार मऊ स्वभावाचे. त्यांनी सांगितलं, की मुलंबाळं नाहीत, ती एकटीच राहते. झालं. त्या दिवसापासून मावशीचा त्या अख्ख्या देशावर राग. एकट्या म्हातारीला कुत्र्याच्या भरवशावर सोडून तिथल्या लोकांच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा, हे ती मास्तरांना दर महिन्याला विचारायची. बिचारे मास्तर कधी लातूरच्या पुढे गेले नव्हते.

आम्ही दहावीत असताना मास्तर एकदा मधेच आले. म्हातारी वारली, त्यांनी सांगितलं, आणि मावशीने काही बोलायच्या आत घाईघाईने जोडलं, की काळजी करू नका, दुसरं कुटुंब मिळालंय, फक्त नव्या कागदावर अंगठा द्या.

मावशी ओरडली नाही. ते मास्तरांना जास्त जड गेलं असावं. तिने हळूच विचारलं, "मास्तर, बाई मेली, आन् तुमी मला काळजी करू नको म्हणता?" अंगठा द्यायला तिने साफ नकार दिला. मास्तर काकुळतीला आले. कागद परत गेला नाही तर जागा दुसऱ्या मुलाला जाईल, असं सांगून बघितलं. माझी मैत्रीण रडायला लागली, कारण शाळा सुटली तर उद्यापासून तिच्याही हातात हातोडा येणार होता. मावशी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आम्हा दोघींना घेऊन एसटीने लातूरला गेली. संस्थेच्या मोठ्या बाईंनी चहा मागवला. मावशीने त्याला हात लावला नाही. म्हातारीला जाळलं का पुरलं, एवढंच आधी विचारलं. पुरलं म्हटल्यावर तिचा चेहरा जरा निवळला. आमच्या लिंगायतांतही पुरतातच, म्हणाली. पण आमच्यासारखं बसवून नाही, झोपवून पुरतात हे कळल्यावर पुन्हा भडकली. देवाच्या दारात माणसाने बसून जावं, आडवं पडून कसलं जायचं? मोठ्या बाईंना हसू आवरेना. मग मावशीने विचारलं, "तिच्या मातीला कोण गेलं?"

मोठ्या बाईंचं हसू गेलं. म्हणाल्या, मला माहीत नाही.

"मंग इचारा. कळल्याबिगर मी अंगठा देणार न्हाई."

आणि त्यांनी खरंच विचारलं. उत्तर यायला बरेच दिवस गेले. तोवर जागा राखून ठेवली म्हणून त्यांनी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, असं मास्तरांनी नंतर सांगितलं. उत्तर आलं, की चर्चमधली माणसं गेली होती आणि कुत्रं शेजारणीने नेलं. मावशीने ते दोनदा सांगायला लावलं.

त्या रविवारी लातूरच्या चर्चमध्ये म्हातारीसाठी प्रार्थना झाली. पहिल्याच बाकावर मावशी, डोक्यावर पदर, विभूती ठसठशीत. पाळकसाहेबांनी विचारलं, दोन शब्द बोलता का? ती उभी राहिली. मला धडकी भरली, आता कुणाचा उद्धार होतोय म्हणून. ती म्हणाली, "मी हिला कधी बघितलं न्हाई. लई चांगली होती," आणि खाली बसली. बाहेर आल्यावर तिने कागद मागून घेतला आणि अंगठा दिला. नव्या कुटुंबात नवरा-बायको आणि तीन पोरं आहेत हे ऐकून, भरलं घर हाय, बरं झालं, एवढंच बोलली.

परतीच्या एसटीत ती कंडक्टरशीसुद्धा भांडली नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेर दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं, कुठे हिरवं पान नाही, सगळीकडे नुसतं लख्ख ऊन. औसा जवळ आल्यावर ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "लई थंडीच्या मुलखात होती गं म्हातारी. हिकडं आली असती तर अंगणात बसवली असती उन्हाला."