मुद्दाम बिघडवलेला स्टॅबिलायझर

धसईहून पहिली एसटी धरून वंदना मुरबाडच्या कारखान्यात लाइन सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच पोचायची. तिथं फ्रिज-टीव्हीचे स्टॅबिलायझर बनत, आणि खोक्यात जाण्याआधी प्रत्येक पीस तिच्या हाताखालून जाई. प्लग मशीनला, चिमटा पत्र्याच्या बॉडीला, मग बटण. पंधराशे व्होल्ट. वीज बॉडीवर उतरली नाही तर हिरवा दिवा. उतरली तर लाल दिवा आणि भोंगा. अकरा वर्षं हेच.

"कंटाळा नाय येत गो?" गावातली शेजारीण विचारी.

"मी बघितलाय म्हणून तू ओल्या हातानं फ्रिज उघडतेस," वंदना म्हणे.

चांगल्या पिसांआधी ती रोज एक वाईट पीस तपासे. मुद्दाम ठेवलेला, आतली वायर खरवडून बॉडीला टेकवलेला. त्यावर मशीन ओरडलं, की समजायचं ते शुद्धीवर आहे.

२००३च्या मार्चमधल्या एका सकाळी त्या पिसावर हिरवा दिवा लागला. तिनं परत बटण दाबलं. परत हिरवा. मशीन आंधळं झालं असेल, तर कालच्या तीनशे बारा पिसांचा भरवसा काय? आणि ते तर फाटकाशी ट्रकात भरलेले!

ती धावतच सुपरवायझर भावेश साहेबांकडे गेली.

"साहेब, ट्रक थांबवा."

"वंदनाबाई, अकरा वर्षांत एक दिवस भोंगा नाही वाजला तर ट्रक थांबवू?"

"हो. कुणाच्या घरी कोण हात लावील, काय सांगावं?"

साहेबांनी कपाळावर हात मारला, पण फाटकावर फोन केला. वंदनानं पिसाचं झाकण उघडलं. आत नवी कोरी वायर, वर सुबक नळी, झाळकाम तर आरशासारखं.

रिपेअरच्या टेबलावरून बारकूमामा हसतमुखानं पुढं आले. वीस वर्षं धसईच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करून मागच्याच सोमवारी ते इथं लागले होते.

"काल जाताना मीच दुरुस्त केला. बिचारा कोपऱ्यात पडलेला."

"मामा! तो बिघडलेलाच पायजे होता!"

"बिघडलेला? तो कशाला पायजे?"

सगळी लाइन हसली. वंदना हसली नाही. अजून मशीनचा निकाल लागायचा होता. तिनं मामांपुढं चाकू धरला. "खरवडा वायर."

मामांनी हात मागं घेतला. "नाय गो, चांगली वस्तू माझ्यानं नाय बिघडवत."

मग तिनंच खरवडली, बॉडीला टेकवली, बटण दाबलं. लाल दिवा, आणि भोंगा असा बोंबलला की साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. वंदनानं चाकू खाली ठेवला. "जाऊ द्या ट्रक."

त्याच दिवशी पिसावर लाल रंगात अक्षरं आली: 'हा वाईटच राहू द्या.' पण मामांना काही राहवत नसे. रोज सकाळी ते टेबलावरून हाक मारायचे, "ओरडला का गो?"

"ओरडला, मामा."

"बिचारा," म्हणत ते आपली सोल्डरिंग गन तापत ठेवायचे.